सकिनाच्या वाटणीचा भात

शांताराम घाडीला मस्कतच्या वादी अदाईतल्या त्या घरात नोकरी मिळाली ती एका कालवणावर. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तो ज्या हॉटेलात स्वयंपाकी होता ते बंद पडलं होतं, आणि गावी परत जायचं तोंड नव्हतं. कुणीतरी त्याला खुदेजा बीबींकडे नेलं. बीबींनी विचारपूस काही केली नाही. एक सुरमई आणि एक नारळ पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "कर." शांतारामने आईच्या पद्धतीने नारळाच्या रसात कालवण केलं, वर दोन कोकमं टाकली. बीबींनी एक घास घेतला आणि विचारलं, "तू झांझिबारचा?"

"नाही, कणकवलीचा," शांताराम म्हणाला. बीबींनी कणकवलीचं नावही ऐकलं नव्हतं. पण त्या दिवसापासून त्या घरात दुसरा स्वयंपाकी आला नाही.

बीबी ओमानी खऱ्या, पण जन्म आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या तिथेच गेल्या. पंचाहत्तर साली नवरा-बायको मस्कतला आले, इथे हिलाल झाला, मग नवरा गेला. आता हिलाल सरकारी कचेरीत अधिकारी होता आणि त्याची बायको ज़ुवैना शाळेत शिकवायची. घरात अरबी चाले, बीबी रागावल्या की स्वाहिली बोलत, आणि शांतारामशी हिंदी, अरबी, स्वाहिली यांची खिचडी. ती खिचडी दोघांनाच नीट पचे.

या घराची एकच गोष्ट शांतारामला कधी कळली नाही. मागच्या अंगाला एक खोली होती आणि ती जमिनीपासून छतापर्यंत धान्याने भरलेली असे. तांदूळ, साखर, पीठ, तेलाचे डबे, मीठ, साबणाच्या वड्या, काडेपेट्या. गॅसची शेगडी असलेल्या घरात तीनशे काडेपेट्या कशाला लागतात, हे विचारायची सोय नव्हती. तांदळाला किडे झाले तर चाळायचे, उन्हात घालायचे, पण एक मूठही टाकायची नाही. सुरुवातीला शांतारामने एकदा पोरकिडे झालेलं अर्धं पोतं कचऱ्याच्या पेटीत नेऊन ओतलं. बीबी चप्पल न घालता रस्त्यावर धावत गेल्या आणि पेटीत हात घालून तांदूळ ओढायला लागल्या. त्यानंतर शांतारामने कानाला खडा लावला. फोनवर बायकोला मात्र सांगितलं, "म्हातारी चिकट असा." माणूस ओळखण्यात आपण कधी चुकत नाही असं त्याला उगाचच वाटे.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात भारत सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दिल्लीत कुणीतरी एका कागदावर सही केली आणि इकडे मस्कतच्या दुकानांत कांद्याच्या टोपल्या रिकाम्या दिसू लागल्या. जो मिळे तो भलत्याच देशाचा, भलत्याच भावाचा. शांताराम तीन दुकानं हिंडून रिकाम्या हाताने परत आला. बीबी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्यांचा विसर वाढला होता. नातवाला हिलाल म्हणत, दुपारच्या जेवणानंतर पुन्हा जेवण मागत. पण कांदा नाही म्हटल्यावर त्यांनी अगदी शुद्धीवर विचारलं, "का नाही?"

शांताराम वैतागलेला होता. कोकणातला माणूस वैतागला की ज्याच्यावर खापर फोडतो त्याच्यावरच त्याने फोडलं. "मा फी, बीबी. खलास. सरकारने बंद केला."

बीबींच्या हातातली जपाची तसबीह थांबली. "सरकारने?"

"हो. आमच्या सरकारने. आता मिळेल तेवढंच खायचं!" असं म्हणून तो हसला आणि पातेली घासायला लागला. बीबी हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून बीबींनी जेवण सोडलं. एकदम नाही. ताट घेत, दोन घास खात, आणि उरलेलं कुणाचं लक्ष नाही असं बघून अंगावर पांघरलेल्या झांझिबारी कांगाच्या पदरात बांधत. मग ज़ुवैनाला उशीखाली चपात्या सापडल्या, कपाटात बुरसटलेला भात सापडला, नमाजाच्या चटईखाली खजूर. महिन्याभरात बीबी इतक्या वाळल्या की बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरांनी वजन केलं तर अडतीस किलो. ते हिलालला बाजूला घेऊन म्हणाले, आणखी उतरलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी घातली की ती सहसा निघत नाही.

हिलाल वाईट माणूस नव्हता. पण घाबरलेला मुलगा जे करतो ते त्याने केलं. या सगळ्या वेडाचं मूळ ती खोली आहे असं त्याच्या मनाने घेतलं, आणि एका शुक्रवारी पिकअप बोलावून त्याने ती रिकामी केली. पोती उचलायला शांतारामच होता. बीबी खिडकीतून बघत होत्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एकेक पोतं बाहेर जाताना बघून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी दूधही घेईनात. हिलालने हात जोडले, ज़ुवैना रडली. बीबी दात आवळून बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी हिलाल आणि ज़ुवैना कामावर गेल्यावर शांताराम त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बीबी, माझ्यावर राग आहे काय?"

बीबींनी दाराकडे पाहिलं. मग खाली वाकून हळूच विचारलं, "गेले का ते? झडतीवाले?"

"गेले," शांताराम म्हणाला. काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. पण बीबी बोलायला लागल्या, आणि पुढचा तासभर त्यांना थांबवायची त्याची छाती झाली नाही.

त्यांचं वय तेव्हा चोवीस-पंचवीस. झांझिबारवर समाजवादी सरकार होतं आणि त्याने हुकूम काढला होता की बेटावर पिकेल तेच खायचं, बाहेरून तांदूळ आणायचा नाही. बेटावर लवंगा मुबलक पिकत. लवंगा खाऊन कुणाचं पोट भरतं? पिठासाठी रांग, साखरेसाठी रांग, साबणासाठी रांग. रांगेला त्या फोलेनी म्हणत. पहाटे जाऊन आपल्या जागेवर एक टोपली ठेवायची, वर एक दगड ठेवायचा, आणि दुपारपर्यंत त्या दगडाची राखण करायची. काही घरांत चोरून आणलेला तांदूळ असे. होडीवाल्यांकडून मिळे. सापडला की तुरुंग.

बीबींच्या घरात असं एक पोतं होतं. आणि एक मुलगी होती, चार वर्षांची. सकिना. मुलीला ताप होता. एका भरदुपारी दार वाजलं, जोरात. नवरा घरी नव्हता. झडती आली असं समजून बीबींनी ते पोतं फरफटत मागच्या अंगणात नेलं आणि विहिरीत ओतलं. मग दार उघडलं. बाहेर शेजारीण होती, विस्तव मागायला आली होती.

"तापात तिने भात मागितला," बीबी म्हणाल्या. "नऊ दिवस मागितला. मी रोज म्हणायची, उद्या फोलेनीत मिळेल."

दहाव्या दिवशी मागायला सकिना नव्हती.

शांताराम उठून मोरीत गेला आणि नळ सोडून रडला. एकोणीस वर्षं आपण या बाईला चिकट म्हणत होतो. स्वतःची एवढी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. पण रडून होण्यासारखं काही नव्हतं. म्हातारी भुकेने मरत होती, आणि तिची समजूत अशी होती की घरात अन्न नाही आणि जे आहे ते लेकीचं. हिलालने लाख सांगितलं की घरात सगळं भरपूर आहे, तरी तिला ते पटणार नव्हतं. सगळं भरपूर असण्यावर तिचा कधी विश्वासच बसला नव्हता.

तेव्हा शांतारामच्या डोक्यात आलं ते त्याच्याच डोक्यात येऊ शकत होतं. हिलालने जन्मात रेशनची रांग बघितली नव्हती. शांतारामचं बालपण तिच्यात गेलं होतं. हातात रॉकेलचा डबा, काखेत पिशवी, खिशात घामाने ओलं झालेलं रेशनकार्ड, आणि समोर दुकानदार बाळकृष्ण शेट, जो कार्डाकडे बघत नसे आणि माणसाकडे तर त्याहून नसे. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून शांतारामने कार्ड बनवलं. वर इंग्रजी अक्षरांत बीबींचं नाव घातलं, खाली तारखांची घरं आखली आणि ते बीबींच्या उशाशी ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारात मेज आडवं टाकलं, डोक्याला पंचा गुंडाळला आणि दुपारी एक वाजता बाळकृष्ण शेटच्या आवाजात ओरडला, "यल्ला, चला! रेशन आलंय! फोलेनी लावा! मागून कुणाला मिळणार नाही!"

खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भिंतीला धरून बीबी आल्या. हातात टोपली होती, टोपलीत कार्ड.

"कार्ड?" शांतारामने दरडावलं. ज्या बाईला त्याने कधी अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती तिला तो म्हणाला, "ए बाई, माणसं किती घरात? लवकर बोल, मागे रांग आहे."

बीबी चटकन म्हणाल्या, "तीन. नवरा, मी आणि सकिना."

शांतारामने लिहिलं. नवरा, खुदेजा, सकिना. विचार न करता लिहिलं. रेशनकार्डावर घरची माणसं लिहायची असतात, एवढंच त्याला ठाऊक. तीन वाट्या भात मोजून दिला, वर कालवण, आणि कार्डावर फुली मारली. बीबी ताट घेऊन बसल्या. नवऱ्याचा वाटा झाकून ठेवला, तो कामावरून येऊन खाईल म्हणाल्या. सकिनाचा वाटा हातात धरून बसल्या आणि शांतारामकडे बघायला लागल्या.

"ती खेळायला गेली आहे," शांताराम म्हणाला. "द्या इकडे. मी मागे नेऊन भरवतो."

घरामागे लिंबाचं एक झाड होतं. त्याच्या सावलीत बसून शांतारामने सकिनाचा भात खाल्ला. टाकणं शक्य नव्हतं, बीबींची नजर कचऱ्याच्या डब्यावर पहाऱ्यासारखी असे आणि फ्रिजमध्ये ठेवावा तर त्या उघडून बघत. रिकामी वाटी आणून दाखवली. "खाल्लं तिने?" "सगळं." बीबींनी वाटी तिरपी करून तळाशी बघितलं. मग आपलं ताट पुढे ओढलं आणि जेवल्या. शेवटच्या शितापर्यंत.

हिलालला पहिल्यांदा हे रुचलं नाही. आईशी खोटं बोलायचं म्हणजे काय! पण आठ दिवसांनी त्याने आईला वजनकाट्यावर उभं केलं आणि तो गप्प झाला. फेब्रुवारीअखेर बीबी त्रेचाळीस किलोंच्या झाल्या. बांगड्या खाली उतरल्या. कधीकधी शांताराम ओरडायला विसरला तर त्याच टोपली आपटून आठवण करत. डॉक्टर म्हणाले, काय करताय ते चालू ठेवा.

चालू ठेवायची किंमत शांतारामच्या पोटावर दिसत होती. स्वतःचं जेवण, वर सकिनाचं, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या वाट्याचंही. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याची बायको गिरिजा म्हणाली, "वजन वाढलाहा तुमचा. अंगाक बरां लागलेला दिसता! काय खातास काय?"

"एका चार वर्सांच्या चेडवाच्या वाट्याचा जेवतंय," शांताराम म्हणाला.

"कोणाच्या चेडवाच्या?"

"गेला ता. पन्नास वर्सां झाली." गिरिजाने आंब्याला मोहोर कसा आलाय ते सांगायला सुरुवात केली.

मार्चमध्ये रमजान लागला. घरात सगळ्यांचे रोजे. बीबींना मात्र डॉक्टरांनी आणि इमामांनी दोघांनी सूट दिली होती, त्यामुळे दुपारचं रेशन चालूच राहिलं. अडचण शांतारामची झाली. रमजानात दिवसाढवळ्या उघड्यावर बसून खायचं नसतं. लिंबाखालची जागा शेजारच्या दोन घरांतून स्वच्छ दिसायची. एकोणीस वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडला नव्हता. कायद्याच्या भीतीने म्हणाल तर तेवढंच नाही, उपाशी माणसांसमोर जेवणं त्याला शोभत नसे. म्हणून त्याने बीबींना सांगितलं की सकिनाला आता आत भरवतो, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन तो ओट्याशी उभ्याने भराभर जेवायला लागला.

एवढीच त्याची चूक. दार लोटणं बीबींना खपलं नाही. ज्या काळात त्या जगत होत्या त्या काळात बंद दाराआड एकच गोष्ट चाले, चोरून खाणं.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी दार उघडलं. शांतारामच्या हातात सकिनाची वाटी होती, जांभळ्या फुलांची, आणि तोंडात घास होता. तो गिळताही येईना, थुंकताही येईना. बीबी उंबऱ्यात उभ्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, मग त्याच्या मागे, ओट्यामागे, दारामागे सगळीकडे बघितलं. लेक कुठेच नव्हती.

"रोज?" त्यांनी विचारलं.

शांतारामचं तोंड भातानं भरलेलं होतं.

"रोज तू खात होतास?"

त्या एवढ्याशा अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. त्यांनी वाटी हिसकावून घेतली, छातीशी धरली आणि स्वाहिलीत किंचाळायला लागल्या. म्विझी, म्विझी. चोर, चोर. शेजारचे धावून आले. ज़ुवैना शाळेतून आली तेव्हा बीबी अंगणात बसल्या होत्या, वाटीतला उरलेला भात एकेक शीत करून मोजत होत्या, आणि शांताराम फाटकाबाहेर उन्हात उभा होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

बीबींनी पुन्हा तोंड मिटलं. पहिला दिवस, दुसरा दिवस. शांताराम दिसला की त्या हातात येईल ते फेकत. त्याच्या हाताचं पाणीही नको. ज़ुवैनाने भात करून दिला तर विचारत, "कुणी शिजवला? चोराने?" आणि ताट ढकलत. तिसऱ्या दिवशी इफ्तार झाल्यावर हिलाल शांतारामच्या खोलीत आला आणि खाटेवर त्याच्या शेजारी बसला. एकोणीस वर्षांत तो त्या खाटेवर कधी बसला नव्हता.

"शांताराम," तो म्हणाला.

"बोला, अर्बाब." मालकाला तो हेच म्हणे.

"आई म्हणते, चोर घरात आहे तोवर मी जेवणार नाही. मला माहीत आहे तू काय केलंस. अल्लालाही माहीत आहे. पण तिला कसं सांगू? तिला खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की सकिना..." आपल्याला एक बहीण होती आणि ती तापाने गेली, एवढंच हिलालला आजवर माहीत होतं. बाकीचं सगळं त्याला शांतारामकडून कळलं होतं.

"नको," शांताराम म्हणाला. "तिला एकदा गमावलंय त्यांनी. पुन्हा कशाला?"

तो रागावला नव्हता असं नाही. रागावला होता, खूप. ज्या घरात त्याने आईच्या पद्धतीचं कालवण रांधलं त्या घरातून चोर म्हणून निघायचं, हे कुणाला सोसेल? रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून जिला जगवलं तिच्याच तोंडून तो शब्द ऐकायचा. पण राग काढायचा कुणावर? बीबींचं काय चुकलं होतं? चार वर्षांच्या पोरीच्या तोंडचा घास कुणी पळवला तर कुठल्या आईने त्याला घरात ठेवावं? शांतारामने ट्रंक भरली. हिलालने नोकरीचे कागद बदलून दिले आणि दूरच्या खाबुरा गावी आपल्या मामेभावाच्या बागेवर त्याला काम लावून दिलं. तिथल्या मजुरांचा स्वयंपाक. निघायच्या सकाळी हिलालने आईसमोर त्याचा दंड धरला, गाडीत बसवलं आणि दार मोठ्याने लावलं. बीबींनी बघावं म्हणून. बीबींनी खिडकीतून सगळं बघितलं.

त्या दुपारी ज़ुवैनाने मेज आडवं टाकलं आणि कार्ड मागितलं. बीबींनी तिच्या हातून ताट घेतलं आणि पुसून खाल्लं. आता त्या सकिनाच्या वाटीत डोकावत नाहीत. चोर पकडला गेला, आता लेकीचं लेकीला पोचतंय, अशी त्यांची खात्री आहे. सकिनाचा वाटा ज़ुवैना शाळेच्या डब्यात भरून नेते आणि तिथल्या सफाईवालीला देते. बीबींचं वजन पंचेचाळीसवर गेलं. डॉक्टर खूश आहेत.

खाबुऱ्याला शांताराम बारा माणसांचं रांधतो. समुद्र जवळ आहे, मासळी ताजी मिळते, पण मजूर पंजाबचे आणि बांगलादेशचे. नारळाच्या रसातलं कालवण त्यांना मिळमिळीत लागतं, म्हणून ते तो आता करत नाही. दर शुक्रवारी नमाजानंतर हिलालचा फोन येतो. तो आधी वजन सांगतो, मग झोप लागते का ते सांगतो, मग विचारतो की तुला काही हवंय का. शांताराम म्हणतो, काही नको.

गेल्या शुक्रवारी हिलाल वजन सांगून झाल्यावरही फोन ठेवीना. शेवटी म्हणाला, "शांताराम, आई रोज जेवायच्या आधी एकच विचारते. चोराला सोडलं का? आम्ही काही बोललो नाही तर तिचा हात ताटाकडे जात नाही. काय सांगू तिला?"

शांताराम बांधावर उभा होता. हातात पिठाची परात होती, ती त्याने खाली ठेवली.

"सांगा, अजून आत आहे," तो म्हणाला. "सुटायला बरीच वर्षं आहेत, म्हणावं. जेवा."